उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसलेल्या परीक्षा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत परदेशी उच्च शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या चाचण्यांची माहिती देणारा एक तक्ता नुकताच प्रसिद्ध झाला. आयईएलटीएस, टोफेल, जीआरई, जीमॅट आणि सॅट अशी नावे एकाखाली एक होती आणि त्यांच्यासमोर 'उत्तीर्ण होण्यासाठी आवश्यक गुण' असा रकाना होता. तक्ता करणाऱ्याचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. तरीही तो रकाना वाचून मी अस्वस्थ झाले, कारण यांपैकी एकाही परीक्षेत कोणी उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होत नाही. मी पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्यांतली शेवटची पंधरा वर्षे या चाचण्या देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तयारीत घालवली. या काळात ज्या मुलामुलींचे नुकसान झालेले मी पाहिले, त्यांच्यापैकी बहुतेकांचा अभ्यास कमी पडला नव्हता. समोरची परीक्षा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी घेतली जाते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी ते सविस्तर लिहीत आहे.

या चाचण्यांची दोन कुळे आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई अ‍ॅकॅडेमिक आणि ड्युओलिंगो या इंग्रजी भाषेच्या चाचण्या आहेत. इंग्रजीतून चाललेले व्याख्यान या विद्यार्थ्याला समजेल का, संदर्भग्रंथ वाचता येतील का, चर्चेत भाग घेता येईल का आणि आपले म्हणणे लिहून मांडता येईल का, एवढेच या चाचण्या विद्यापीठाला सांगतात. हा उंबरठा आहे आणि तो ओलांडला की चाचणीचे काम सहसा संपते. पदवी प्रवेशासाठीच्या सॅट आणि एसीटी, पदव्युत्तर शिक्षणासाठीची जीआरई आणि व्यवस्थापनशास्त्रासाठीची जीमॅट यांचा जन्म मात्र तुलनेसाठी झाला. वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या मंडळांच्या आणि विद्यापीठांच्या गुणपत्रिका घेऊन आलेल्या अर्जदारांना निदान एका बाबतीत तरी सारख्या मापाने मोजता यावे, हा त्यांचा उद्देश आहे. तिथे उंबरठा नसतो, रांग असते. त्या रांगेतही हे माप एकटे उभे नसते. आधीचे शिक्षण, शिफारसपत्रे, हाच अभ्यासक्रम का हवा हे सांगणारे उद्देशपत्र आणि संशोधनाचा किंवा कामाचा अनुभव अशा गोष्टी त्याच्या जोडीला असतात.

हा भेद न कळल्यामुळे काय होते याचे एक उदाहरण मला दरवर्षी भेटते. ज्या अभ्यासक्रमाला आयईएलटीएसचे ९ पैकी ७ गुण पुरेसे आहेत, त्यासाठी ७.५ मिळवलेला विद्यार्थी ८ मिळवण्याच्या हट्टाने पुन्हा परीक्षेला बसतो, आणि ज्या दोन महिन्यांत त्याने आपले उद्देशपत्र चार वेळा फाडून पुन्हा लिहायला हवे होते ते दोन महिने सरावपत्रिकांत जातात. एखादी शिष्यवृत्ती जास्त गुण मागत असेल तर गोष्ट वेगळी. पण अशी अट तिच्या नियमांत लिहिलेली असते, ती अंदाजाने गृहीत धरायची नसते.

याच्या उलट चूक अधिक महागात पडते, आणि ती मी जवळून पाहिली आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला श्रवणात ८.५, वाचनात ८.५, संभाषणात ७ आणि लेखनात ६ असे गुण मिळाले. चौघांची सरासरी ७.५. घरात आनंद झाला, तिने पुढची तयारी सुरू केली, आणि काही आठवड्यांनी विद्यापीठाचे पत्र आले की अर्ज अपूर्ण समजण्यात येत आहे. त्या विभागाची अट 'एकूण ७, आणि कोणत्याही कौशल्यात ६.५ पेक्षा कमी नको' अशी होती. वाक्याचा पूर्वार्ध तिने वाचला होता, उत्तरार्ध वाचला नव्हता. आणि मला सांगायला वाईट वाटते की ज्या शिकवणी वर्गात ती जात होती तिथेही तो कोणी वाचून दाखवला नव्हता. आयईएलटीएसमध्ये केवळ एकाच कौशल्याची परीक्षा पुन्हा देण्याची सोय २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. मूळ परीक्षेनंतर ६० दिवसांच्या आत ती घ्यावी लागते, सर्वच केंद्रांवर ती मिळत नाही आणि सर्वच संस्था ती मान्य करत नाहीत. आपले विद्यापीठ ती मान्य करते हे तिला कळले तेव्हा साठ दिवस उलटून गेले होते. तिने चारही कौशल्यांची परीक्षा पुन्हा दिली, लेखनात ६.५ मिळवले, पण प्रवेशाचे सत्र मात्र हातचे गेले.

तिचे लेखन ६ वर का अडकले हेही सांगण्यासारखे आहे. आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडेमिक प्रकारात लेखनासाठी ६० मिनिटे असतात आणि दोन कामे असतात. पहिल्यात एखाद्या आलेखाचे, तक्त्याचे किंवा आकृतीचे किमान १५० शब्दांत वर्णन करायचे असते, दुसऱ्यात दिलेल्या प्रश्नावर किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो, आणि दुसऱ्या कामाचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. तपासनीस चार गोष्टी पाहतो: विचारलेल्याला उत्तर दिले आहे का, मांडणीत सुसंगती आहे का, शब्द नेमके आणि पुरेसे विविध आहेत का, आणि व्याकरण शुद्ध असून वाक्यरचनेत वैविध्य आहे का. चौघांना सारखे महत्त्व असते. तिच्याकडून वर्गात वीस निबंधांचे सांगाडे पाठ करून घेतले होते. प्रत्येकाची सुरुवात ठरलेली, प्रत्येकात तीच चार भारदस्त वाक्ये. प्रश्नाचा रोख थोडा जरी वेगळा असला तरी असा निबंध पहिल्याच कसोटीवर उताणा पडतो, आणि पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे शिक्षण तपासनिसांना दिलेलेच असते. आम्ही दोघींनी मिळून सांगाडे बाजूला ठेवले आणि आठ आठवडे फक्त एक गोष्ट केली. प्रश्न वाचायचा, आपले मत एका साध्या वाक्यात लिहायचे, आणि मग त्या मताला आधार देणारे कारण शोधायचे. इंग्रजी उपपदे (a, an, the), जी अनेक भाषांमध्ये मुळी नसतातच, तिला शेवटपर्यंत त्रास देत राहिली, तरीही गुण वाढले.

सरासरी कशी काढतात याबद्दलही गैरसमज आहेत. आयईएलटीएसचा निकाल ० ते ९ या श्रेणीत, अर्ध्या अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी दिला जातो, आणि चार कौशल्यांची सरासरी जवळच्या अर्ध्या गुणाकडे नेली जाते. ७, ६.५, ६ आणि ५.५ यांची सरासरी ६.२५ येते आणि ती ६.५ धरली जाते; पण ६.५, ६.५, ६ आणि ५.५ यांची सरासरी ६.१२५ येते आणि तिचे ६ होतात. म्हणजे एका कौशल्यातला अर्धा गुण एकूण निकालाला अर्ध्या गुणाने हलवू शकतो. ज्याला हे ठाऊक आहे तो आपल्या सर्वांत दुबळ्या कौशल्यावर वेळ घालतो. बहुतेक मुले नेमके उलटे करतात, कारण जे येते त्याचा सराव करणे सुखाचे असते.

आता इतर भाषाचाचण्यांकडे येते. टोफेल १९६४ मध्ये सुरू झाली आणि ती अमेरिकेतील ईटीएस ही संस्था घेते. आयईएलटीएस या नावाने चालणारी परीक्षा १९८९ ची, आणि तिच्यामागे ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्था आहेत. पिअर्सनची पीटीई अ‍ॅकॅडेमिक २००९ मध्ये आली. विद्यार्थी मला विचारतात की यांपैकी सोपी कोणती. सोपी कोणतीच नाही, पण एखादी अधिक मानवणारी असू शकते. आयईएलटीएसमध्ये संभाषण ११ ते १४ मिनिटांचे असते आणि ते परीक्षकाशी प्रत्यक्ष बोलून द्यायचे असते. टोफेल आणि पीटीईमध्ये मायक्रोफोनसमोर, ठरावीक सेकंदांत, आजूबाजूला इतर परीक्षार्थी बोलत असताना बोलावे लागते. माणसासमोर ज्याची जीभ अडखळते त्याला यंत्र बरे वाटते. समोरच्याच्या डोळ्यांतून धीर घेणाऱ्याला यंत्रासमोर काही सुचत नाही. पीटीईचे गुणांकन प्रामुख्याने संगणक करतो आणि तिथे एकाच प्रश्नाचे गुण दोन कौशल्यांत मोजले जाऊ शकतात, त्यामुळे ऐकलेले वाक्य लिहिताना शुद्धलेखन चुकले तर फटका एकाच ठिकाणी बसत नाही. हा स्वभावाचा आणि सवयीचा प्रश्न आहे. प्रत्येक परीक्षेची एक अधिकृत नमुनापत्रिका घड्याळ लावून सोडवली की एका सुट्टीच्या दिवसात तो सुटतो. त्यासाठी कोणाचा सल्ला विकत घ्यावा लागत नाही.

आपल्या तक्त्यात टोफेलसमोर १२० पैकी गुण दिले होते. २००५ मध्ये इंटरनेटवरून घेतली जाणारी टोफेल सुरू झाल्यापासून, प्रत्येक कौशल्याला ३० याप्रमाणे ० ते १२० हीच श्रेणी होती, हे खरे. पण जानेवारी २०२६ पासून टोफेलचा निकाल १ ते ६ या श्रेणीत, अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी दिला जातो, आणि संक्रमणाच्या काळात निकालपत्रावर जुन्या श्रेणीतले तुल्य गुणही दाखवले जातात. या काळात विद्यापीठांची काही पाने जुन्या आकड्यांत बोलतील आणि काही नव्या. एखाद्या विद्यार्थिनीने निकालपत्रावर ५ पाहून आपले सर्वस्व बुडाले असे समजू नये, एवढ्यासाठी तरी ही माहिती छापली जायला हवी.

गुणांची टक्केवारी काढण्याची आपली सवय तर या सर्व परीक्षांत घातक ठरते. जीआरईच्या भाषा आणि गणित या दोन्ही विभागांचे गुण १३० ते १७० या पट्ट्यात दिले जातात. ही श्रेणी २०११ पासून आहे, त्याआधी ती २०० ते ८०० होती. एका पालकांनी मुलाच्या १५० गुणांना १७० ने भागून '८८ टक्के' काढले आणि ते समाधानाने मला सांगितले. श्रेणीची सुरुवातच १३० पासून होते, तेव्हा १५० हा पट्ट्याचा मध्य आहे, हे त्यांना समजावताना मला फार जड गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सारख्याच आकड्याचा दोन विभागांतला अर्थ वेगळा असतो. गणितात १६५ मिळवणाऱ्याच्या पुढे पुष्कळ जण असतात, कारण जगभरातून अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे विद्यार्थी ही परीक्षा देतात. भाषा विभागात तेच १६५ गुण मिळवणारा मात्र अगदी वरच्या मोजक्या लोकांत बसतो. हे शततमक पाहिल्यावरच कळते, म्हणजे आपल्या खाली शेकडा किती परीक्षार्थी आहेत ते पाहिल्यावर. निकालपत्रावर हा आकडा गुणांच्या शेजारीच छापलेला असतो आणि बहुतेक घरांत तो वाचला जात नाही.

जीमॅटच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये या परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि २०२४ च्या जानेवारीअखेर जुनी बंद झाली. आता प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन विभाग आहेत: गणिती तर्क, भाषिक तर्क आणि माहितीचे विश्लेषण. पूर्वीचा निबंध गेला, वाक्यशुद्धीचे प्रश्न गेले, भूमितीही गेली. गुण आता २०५ ते ८०५ असतात आणि प्रत्येक गुणसंख्येच्या शेवटी ५ असतो. जुन्या परीक्षेत शेवटी ० असायचे. दहा वर्षांपूर्वी व्यवस्थापनशास्त्र शिकायला गेलेला मोठा भाऊ धाकट्या बहिणीला '७०० तरी हवेतच' असे सांगतो, तेव्हा तो तिचे भलेच चिंतत असतो. परंतु परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच तुलनापत्रकानुसार जुने ७०० म्हणजे नवे सुमारे ६४५. ६५५ मिळवून रडणारी मुलगी मी पाहिली आहे. तिला हवे होते त्याहून थोडे अधिकच मिळालेले होते.

'प्रमाणित' या शब्दाचा अर्थ आपण सहसा 'सर्वांना सारखा पेपर' असा घेतो. खरे तर आज या परीक्षांत शेजारी बसलेल्या दोघांनाही सारखा पेपर मिळत नाही. जीआरईमध्ये पहिल्या भागात तुम्ही कसे उत्तर देता यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. सॅटही पूर्णपणे संगणकावर आल्यापासून, म्हणजे अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून, अशाच दोन टप्प्यांत चालते. जीमॅट तर प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न निवडते. सारखेपणा असतो तो गुणांच्या अर्थात. कोणत्या दिवशी, कोणता प्रश्नसंच वाट्याला आला याचा परिणाम निकालातून काढून टाकण्यासाठी सांख्यिकीच्या पद्धतीने वेगवेगळ्या प्रश्नसंचांचे गुण एकमेकांशी तुल्य केले जातात. त्यामुळे 'किती प्रश्न बरोबर आले' आणि 'किती गुण मिळाले' यांचे नाते सरळ नसते, आणि 'दुसरा भाग सोपा वाटला' ही आनंदाची बातमी असेलच असे नाही.

यातून परीक्षेच्या खोलीत उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी निघतात. जीआरई आणि सॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून प्रश्न रिकामा सोडणे म्हणजे हातातली संधी टाकणे. ज्यांची आधीची सारी स्पर्धा परीक्षांची तयारी ऋण गुणांच्या धाकात झालेली असते, त्यांना हे पटवायला वेळ लागतो. जीमॅटमध्ये प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात, आणि विभाग अपुरा राहिला तर गुणांना चांगलाच फटका बसतो. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते, आणि तिच्या लेखन विभागात आता दोनऐवजी एकच निबंध असतो. जुनी जाडजूड पुस्तके दुसऱ्याकडून घेऊन अभ्यास करणाऱ्यांनी निदान हे बदल पाहून घ्यावेत. शब्दसंग्रह आणि गणित पूर्वीचेच आहे, पण वेळेचे नियोजन पूर्णपणे बदलले आहे. एरवीही सरावासाठी पहिले साधन अधिकृतच असावे, आणि त्यातले बरेचसे विनामूल्य आहे. ईटीएस जीआरईच्या दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य देते, जीमॅटच्याही दोन मिळतात, आणि सॅटच्या पूर्ण सराव परीक्षा ती घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये आहेत.

या परीक्षा बुद्धी मोजतात का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा कमी गुणांची भीती असते. सॅट पहिल्यांदा १९२६ मध्ये घेतली गेली. ती तयार करणारे कार्ल ब्रिगहॅम हे मानसशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धातील अमेरिकी लष्कराच्या बुद्धिमापन चाचण्यांच्या कामातून पुढे आले होते, आणि त्या चाचण्यांवरून त्यांनी वंशावंशांतील बुद्धीच्या फरकांविषयी निष्कर्षही काढले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार ठरवून मागे घेतले. ज्याने परीक्षा घडवली त्यानेच हे मान्य केले, म्हणून मी ही हकिकत विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. या परीक्षांतले गुण शाळेवर, घरातल्या पुस्तकांवर, भाषेच्या सवयीवर आणि सरावावर अवलंबून असतात. ते वाढवता येतात, आणि वाढवता येतात म्हणूनच त्यांना बुद्धीचा शिक्का मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्या बाजूला, 'या परीक्षा आता कोणी विचारत नाही' असे जे अलीकडे सांगितले जाते तेही अर्धेच खरे आहे. कोविडच्या साथीत अमेरिकेतल्या असंख्य विद्यापीठांनी सॅटची अट सैल केली. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशाच्या निर्णयात हे गुण आता मुळीच पाहत नाही. मात्र एमआयटीने २०२२ मध्ये ही अट पुन्हा आणली, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन आणि हार्वर्ड यांनीही कोणत्या ना कोणत्या स्वरूपात चाचणीचे गुण पुन्हा मागायला सुरुवात केली. कमी साधनांच्या शाळांतून आलेल्या हुशार मुलांना गुण दाखवण्याची संधी हवी, कारण अर्जातल्या इतर गोष्टी सजवण्याची ऐपत त्यांच्यापाशी नसते, असे कारण यांतल्या काही संस्थांनी दिले. मला ते बरेचसे पटते. जीआरईचेही तसेच आहे. अनेक विभागांनी ती वगळली, काहींनी ऐच्छिक ठेवली, काही अजून मागतात, आणि एकाच विद्यापीठातल्या दोन विभागांचे नियम वेगळे असतात. म्हणून विद्यापीठाच्या नावापुढे एक आकडा लिहिणारा कोणताही तक्ता अपुराच राहणार. नियम विभागाच्या पानावर, चालू वर्षाचा, स्वतः वाचावा लागतो.

'परदेश म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी म्हणजे आयईएलटीएस' हे समीकरणही सोडायला हवे. जर्मन भाषेतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमासाठी टेस्टडाफसारखी चाचणी लागते, फ्रेंचसाठी डेल्फ आणि डाल्फ आहेत, जपानी विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी परदेशी विद्यार्थ्यांकडून ईजेयू ही परीक्षा मागितली जाते. ब्रिटनमध्ये वैद्यकीय शाखेसाठी यूकॅट आणि काही विद्यापीठांत कायद्यासाठी एलनॅट असते. यांतल्या अनेक चाचण्यांच्या तारखा मोजक्याच असतात, आणि चुकलेली तारीख काही वेळा पुढच्या वर्षावर जाते.

एक बाब मात्र कोणत्याही देशाला लागू आहे आणि तीच बहुतेकदा विसरली जाते. दार एक नसते, दोन असतात. एक विद्यापीठाचे, दुसरे व्हिसाचे. विद्यापीठ जी चाचणी मान्य करते ती व्हिसा देणारे खाते मान्य करेलच असे नाही. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजीची पातळी भाषाज्ञानाच्या युरोपीय चौकटीतल्या सहा पातळ्यांपैकी चौथी, म्हणजे बी२, असावी लागते आणि ती पडताळण्याचा अधिकार परवानाधारक विद्यापीठाला स्वतःला असतो; पदवीखालच्या अभ्यासक्रमासाठी मात्र सरकारच्या यादीतलीच सुरक्षित चाचणी, मान्य केंद्रावरच द्यावी लागते. ही कडक व्यवस्था का आली यामागे दुःखद इतिहास आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या काही केंद्रांवर टोइक या इंग्रजी चाचणीत तोतये बसवल्याचे उघड झाले. त्यानंतर हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, आणि आपण स्वतः परीक्षा दिली होती हे सिद्ध करण्यासाठी त्यांतल्या अनेकांना वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले; काहींच्या बाजूने निकालही लागले. आजही कोणी कानात 'तुमच्याऐवजी दुसरा बसेल' किंवा 'गुण आतून वाढवून देऊ' असे सांगत असेल, तर त्या मुलांचे काय झाले ते आठवावे.

मुदतीचेही असेच. आयईएलटीएस, टोफेल आणि पीटीई यांचे गुण साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरले जातात, जीआरई आणि जीमॅटचे पाच वर्षे. जो विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षी उत्साहाने आयईएलटीएस देऊन टाकतो, त्याचा निकाल अर्ज करण्याच्या वेळी बाद झालेला असू शकतो. तुलनेची परीक्षा आधी आणि भाषेची परीक्षा अर्जाच्या जवळ, हा क्रम म्हणूनच सोयीचा. नोंदणी करताना नाव पारपत्रावर आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहावे. यात चूक झाल्यामुळे परीक्षा केंद्राच्या दारातून परत आलेला मुलगा मी पाहिला आहे, आणि त्याचे शुल्क त्याला परत मिळाले नाही.

संपादक महोदय, माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या वेळी असा तक्ता छापताना 'उत्तीर्ण' हा शब्द काढावा, एकूण गुणांशेजारी प्रत्येक कौशल्याच्या किमान गुणांचा रकाना ठेवावा, माहिती कोणत्या महिन्यात तपासली ते तळाशी लिहावे, आणि भाषेच्या चाचण्या व प्रवेशाच्या परीक्षा दोन वेगळ्या तक्त्यांत द्याव्यात. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची छायाचित्रे आपण छापता ती अवश्य छापावीत. पण त्याच पानावर, एका कौशल्यात अर्धा गुण कमी पडल्याने थांबलेल्यांनी पुढे काय करावे याला चार ओळींची जागा मिळाली, तर त्या ओळी अधिक कात्रणांत जपल्या जातील. मागच्या तक्त्याचे कात्रण घेऊन तीन विद्यार्थी माझ्याकडे येऊन गेले आहेत, आणि त्यांतल्या एकीने 'उत्तीर्ण' या रकान्यातला आकडा लाल शाईने गोल करून आपल्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की ती मी तिला त्याच पानावर चिकटवायला सांगणार आहे.

आपली विश्वासू,
इंग्रजीची एक निवृत्त शिक्षिका